माझाच ढीग गार का?

शनिवार, बदलापूर

आज प्रशिक्षणात मॅडमनी आम्हाला खताच्या ढिगात हात घालायला लावला. मशरूम काढून उरलेल्या पेंढ्याचे ढीग, आठवड्यापूर्वी लावलेले. सुनीतावहिनींचा चांगला गरम. माझाच गारढोण!

"काय केलंत, ताई?" मॅडमनी मला विचारलं.

"काही नाही. पेंढा नेहमीसारखा उकळून घेतला. घमेलंही फिनेलने पुसलं."

सगळ्या हसल्या. मॅडम म्हणाल्या, "अहो, ढीग तापवून खत करणारे जंतूच मारलेत की!"

रागच आला. मशरूम लावताना एकही जंतू नको म्हणून मॅडमनीच शिकवलं ना? आता तेच हवेत?

संध्याकाळी गावातल्या गोठ्यातून बादलीभर शेण आणलं, पाण्यात कालवून ढिगावर ओतलं. लगेच हात घातला. गारच.

तीन वर्षं मशरूमसाठी ज्यांना उकळत्या पाण्याने मारलं, त्यांनाच आज आवतण दिलंय. येतील का?