आपण इच्छिलेला क्रमांक

घोडेगाव, ता. आंबेगाव
रविवार, १२ मार्च २००६

गोरख यास चांगदेव मास्तराचा नमस्कार.

तू खुशाल असशील. वापीचं पाणी मानवलं असेल. नसेल तर चार वर्षांनी तक्रार करून उपयोग नाही. इकडे सर्व ठीक. हर्षालीनं अकरावीला संस्कृत सोडून चित्रकला घेतली. बापाचं व्याकरण चालवायला घरात आता फक्त माझे गुडघे उरलेत. त्यांना संधिवात आहे, म्हणजे निदान संधी तरी आहे.

वर 'प्रिय' लिहिलं नाही, हे तू पाहिलंच असशील. माझ्या नावाच्या त्या जुन्या योग्याला मायना सुचेना, म्हणून त्यानं कोरा कागद धाडला, असं सांगतात. मीही दोनदा पाकिटात कोरा कागद घातला. पण त्याचं पत्र वाचणारे ज्ञानी होते. तू पडलास लाइनमन.

बातमी अशी, की आपली कुकडीखोरे टेलिफोन कंपनी संपली. पुण्याच्या मोठ्या कंपनीनं गिळली. कागदावर त्याला 'विलीनीकरण' म्हणतात. चारही डायरेक्टरांना वाटतं की दहा वर्षांचा इतिहास छापावा, आणि तो मी लिहावा. तीन प्रकरणं झाली. जुन्नरात खताच्या दुकानावरची ती एक खोली, शहाण्णवचा नारळ, तू आणि भिकानं खांद्यावर वाहून नेलेले खांब, तळेघरचं पहिलं बूथ, सगळं आलंय. मी दिलेलं 'शब्दः सेतुः' हे ब्रीदही आलंय, आणि ते वाचून तू "मास्तर, ह्यातलं शेत कुणाचं?" असं विचारलं होतंस, तेही.

चौथं प्रकरण अडलंय. त्यात माझा फोटो घालायचा आहे. खाली ओळ : 'कंपनीचा आवाज'.

तुला आठवत असेल. दोन हजार दोनच्या मार्चअखेरीस सगळ्या नंबरांपुढे दोनचा आकडा लागला. जुना नंबर फिरवणाऱ्याला ऐकवायला यंत्रात एक वाक्य भरायचं होतं. इंजिनिअरनं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, 'हा नंबर बदललाय, पुढे दोन लावा.' मी ती चिठ्ठी चिमटीत धरली, मेलेलं झुरळ धरावं तशी. त्याऐवजी लिहिलं आणि घसा खाकरून म्हटलं, "आपण इच्छिलेला क्रमांक अस्तित्वात नाही. कृपया पुनश्च यत्न करू नये."

तू दारात वायर गुंडाळत होतास. म्हणालास, "मास्तर, तळेघरात कुणाला कळायचं हे? बदललाय म्हना की सरळ."

मी म्हणालो, "गोरख, भाषा वर उचलायची असते."

आता जे चार वर्षं लिहिलं नाही ते लिहितो.

भिमामावशीच्या दहाव्याला घोड नदीवर तू मला विचारलंस, "आई का निघाली व्हती घोडेगावला?" मी म्हणालो, "बाजाराला असेल." तू म्हणालास, "समद्या तालुक्याला नवं नंबर वाटलं मी. आईलाच द्यायचा राहिला. माझा फोन लागंना म्हनून घाबरून निघाली ती." त्यावर मी तुला एक श्लोक ऐकवला. श्लोक बरोबर होता. म्हणणारा चुकीचा होता.

ती बाजाराला निघाली नव्हती. तळेघरचा बूथवाला राघू तिसऱ्या दिवशीच माझ्याकडे आला होता. त्यानं जे सांगितलं ते जसंच्या तसं देतो.

नेहमीप्रमाणे गुरुवारी सकाळी मावशी बूथवर आली. राघूनं सवयीनं तुझा जुना नंबर लावून दिला. रिसीव्हर कानाला लावताच ती हसली. म्हणाली, "आरं, ह्यो तर आपला चांगदेव." बोर्डिंगात असताना मला तुझ्याबरोबर तिच्या नाचणीच्या भाकरी मिळाल्या, गोरख, तिला माझा आवाज कळणारच. मग ती म्हणाली, "चांगदेवा, गोरखला दे." मग तिनं ऐकून घेतलं. मग, "न्हाई म्हंजी? नीट सांग की रं. कुठं हाय माझा गोरख?" मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणालो.

तिनं राघूला विचारलं, "अस्तित्वात न्हाई म्हंजी काय रं?" राघू सातवी पास. तो म्हणाला, "म्हंजी आता न्हाई, आसं."

"मावशी, ते मशीन हाय," असंही तो म्हणाला. ती म्हणाली, "मशीन आसंल. पर मास्तर खोटं बोलत न्हाई. त्याला समोर जाऊन इचारते."

एसटी दुपारची होती. ती थांबली नाही, चालत निघाली. एप्रिलचं ऊन. शिनोलीच्या थांब्यावर लोकांना ती बसलेली सापडली. माझं घर तिथून जवळच.

राघूला मी म्हणालो, "गोरखला सांगू नकोस, त्याला त्रास होईल." त्रास कुणाला होणार होता, हे मला व्यवस्थित कळत होतं. तू नोकरी सोडलीस, गाव सोडलंस, स्वतःला दोष देत राहिलास. मी वर्गात अस्, म्हणजे 'असणे', हा धातू चालवत राहिलो. अस्ति, स्तः, सन्ति. पोरं 'अस्ति' म्हणतात आणि मी खिडकीबाहेर बघतो.

एकतीस मार्चला जुनं यंत्र काढणार आहेत. तोवर तुझा जुना नंबर लावला की मीच बोलतो. दर गुरुवारी शाळेत जाण्याआधी मी तो लावतो. वाक्य पुन्हा पुन्हा येतं, आणि मध्ये चार-पाच सेकंद मोकळे असतात. ती तेवढ्यातच विचारत होती. त्या मोकळ्या जागेत मी म्हणतो, "मावशी, नंबर बदललाय. गोरख आहे." मग माझाच आवाज मला सांगतो, की अस्तित्वात नाही.

नंबर द्यायचा तुझ्याकडून राहिला, हे खरं. पण तो न मिळाल्यानं ती फार तर तुला दोन शिव्या देऊन घरी गेली असती. ती निघाली ती माझ्या शब्दानं.

चौथ्या प्रकरणात हे सगळं लिहायचं की नाही, ते तू सांग. आई तुझी आहे. नको म्हणालास तर ती चार पानं कोरी जातील. माझा फोटो मात्र येणार नाही, तेवढं डायरेक्टरांना कळवलंय. तुझं उत्तर आल्याशिवाय पुस्तक छापखान्यात जाणार नाही.

पत्र लिहवत नसेल तर फोन कर. काही बोलला नाहीस तरी चालेल. माझा नंबर तुला पाठ आहे. फक्त पुढे दोन लाव.

मावशी ज्याला विचारायला निघाली होती, तो
चांगदेव