सेगोचा वाटा

४ सप्टेंबर
आज पाखरांच्या अभ्यासाच्या छावणीवर स्वयंपाकी म्हणून रुजू झालो. आतिजानेच शब्द टाकला होता. लेक इथे पाहुण्यांना रानात नेते, त्यांचं बोलणं आमच्या माणसांना आणि आमचं त्यांना समजावते. तिची आई गेल्यापासून तिला माझ्याशिवाय कुणी नाही आणि मला तिच्याशिवाय. आता मोसम संपेपर्यंत एकाच चुलीवरचं खाऊ, याचा फार आनंद वाटतो.

पातेली बुडाशी जळलेली होती, ती वाळूने घासून काढली. पाखरांना हाक घालणारा रशीदी बघत उभा होता. म्हणाला, आजोबा, एवढी घासाल तर भोकं पडतील, मग मक्याच्या पिठाची उगाली चाळणीत शिजवा. स्वतःच हसला. माणूस चांगला आहे, जरा जास्त बोलतो.

पाहुणे चौघे. पदरचे पैसे भरून इतक्या लांब येतात आणि उन्हात आमच्या पाखरांमागे धावतात. त्यातला ग्रॅहम माझ्याच वयाचा असेल. त्याने दोनदा घेवडा मागून घेतला. मीठ जास्त पडलं होतं असं मला अजूनही वाटतं.

७ सप्टेंबर
कामाची पद्धत कळली. रशीदी जिभेने थरथरता आवाज काढतो आणि शेवटी छातीतून हुंकार देतो. ती हाक ऐकून सेगो, मधाची वाट दाखवणारा पक्षी, येतो, काडेपेटी खुळखुळावी तसा ओरडतो, झाडाझाडावरून पुढे जातो, थांबतो, मागे बघतो. तो नेईल तिथे पोळं असतं. रशीदी गवताची मोळी पेटवून माश्यांना धूर देतो, कुऱ्हाडीने खोड फोडतो, मध काढतो. पाहुणे सगळं टिपून घेतात. हे आमच्या बापजाद्यांपासूनचं आहे, त्यात मला नवल नाही.

पण यंदा छावणीच्या प्रमुख हेन्रिएटबाईंनी नवा नियम केला आहे. सेगो खातो ते पोळ्याचं मेण पुरून टाकायचं, पाखराला काही द्यायचं नाही. वाटा न देताही तो येतो का, हे त्यांना बघायचं आहे.

ऐकून माझा हात पळीवरच थांबला. माझा बाप स्वतःची बोटं चाटण्याआधी हिरव्या पानांवर सेगोचं मेण मांडायचा. मी हे आतिजाला सांगितलं, तीनदा सांगितलं. शेवटी ती वैतागली. म्हणाली, “बाबा, तुम्ही उगाली ढवळा. पाखराचं काय करायचं ते बघायला बाई आहेत.”

१५ सप्टेंबर
सेगो अजून येतो. बाई खूश आहेत. पण परवा त्याने सगळ्यांना वठलेल्या झाडाशी नेलं, पोळं नव्हतं. आज मेलेल्या रेड्यापाशी नेलं आणि त्या रेड्याच्या पोटाखाली साप होता. ग्रॅहमचा पाय थोडक्यात वाचला. पुढे आतिजा होती. म्हणजे तिचा पाय त्याच सापाजवळून आधीच गेला होता.

मी तिला म्हटलं, गावी जाऊ. ती म्हणाली, तोंडाने कबूल केलंय, मोसम संपेपर्यंत राहायचं. मी रशीदीला विचारलं की वाटा चुकवला तर सेगो सिंहाकडे नेतो म्हणतात, ते खरं का. तो म्हणाला, सिंह असला तर बरंच आहे आजोबा, सिंह काय असतो ते तरी आपल्याला ठाऊक आहे. या वेळी तो हसला नाही.

२१ सप्टेंबर
भर दुपारी सेगो छावणीत आला. कुणी हाक घातली नव्हती. स्वयंपाकघराच्या पत्र्यावर बसला, आमच्याकडे बघून खुळखुळला, पूर्वेच्या झाडीत गेला, परत आला. पुन्हा गेला. पुन्हा आला. पाहुण्यांनी फोटो काढले, टाळ्या वाजवल्या.

रशीदीने कुऱ्हाड उचलली नाही. मी म्हटलं, अरे, बोलावतोय, जात का नाहीस? तो माझ्याजवळ आला आणि हळू म्हणाला, “आजोबा, तो आपल्याला नेत नाहीये. तो कुणाला तरी घेऊन येतोय.”

घेवड्यात मीठ घातलं की नाही, आठवत नाही.

२४ सप्टेंबर
सकाळपासून सेगो फक्त रशीदीच्या मागे आहे. तो तंबूत गेला की तंबूवर, नदीवर गेला की नदीवर. शेवटी रशीदीने मला बाजूला घेतलं. म्हणाला, मी इथे राहिलो तर ते इथेच येईल. मोठ्या गोरखचिंचेच्या ढोलीत बसतो, तिथे मी पाखराला दिसणार नाही. कुऱ्हाड घेऊन गेला.

सेगो छावणीवरून उडाला. त्याच दिशेने.

जेवायला रशीदी आला नाही.

२५ सप्टेंबर
सापडला. आतिजा पुढे होती, तिनेच आधी पाहिलं. ढोलीचं तोंड धुराने काळं झालं होतं. खोड फोडलेलं, सरळ, आम्ही फोडतो तसंच. ज्या कुऱ्हाडीने फोडलं ती रशीदीची नव्हे, त्याची आतच पडली होती. आत बाकी काही उरलं नव्हतं. आणि बुंध्याशी हिरवी पानं मांडली होती. पानांवर रशीदीचा एक तुकडा. नीट ठेवलेला.

सेगो तो खात होता.

जे कुणी आहे, ते वाटा देतं. आम्ही दिला नाही.

२६ सप्टेंबर
बाई पाहुण्यांना घेऊन विमानाच्या धावपट्टीकडे गेल्या. गाडीत सगळे मावले नाहीत. आतिजासाठी जागा होती, मी हात जोडले, पण मला सोडून ती चढली नाही. गाडी उद्या येईल म्हणाल्या.

पुरलेलं मेण सगळं उकरलं. नखं तुटली. पानांवर मांडलं, छावणीभर. सेगो आले, पुष्कळ. बसले. बघत राहिले. मेणाला एकानेही चोच लावली नाही.

२७ सप्टेंबर
गाडी नाही.

पूर्वेची झाडी हलते. वारा नाही. एक सेगो जातो, येतो. दर वेळी लवकर येतो. म्हणजे अंतर कमी —

आतिजाला कोठारात घातलं. विटांची खोली, खिडकी नाही. ऐकत नव्हती. म्हटलं, आजवर काही मागितलं नाही तुझ्याकडे, एवढं ऐक. बाहेरून पोती लावली. तिथे ती दिसणार नाही. मी समोर, स्वयंपाकघरात. दार सताड उघडं. पातेलं वाजवतोय, खोकतोय. मला बघ म्हणावं. मी म्हातारा आहे, पण मी पुरेन.

हात थांबला की फार भीती वाटते, म्हणून लिहितो.

आला. माझ्याच पत्र्यावर बसला. खुळखुळतोय. बरं झालं. या अल्ला, बरं झालं. इथेच बस.

धुराचा वास. जळत्या गवताचा.

झाडीतून काहीतरी उभं राहिलं. उंच. मी बघत नाही. कागदाकडे बघतो. सेगो वर आहे, माझ्यावर आहे, तेवढं पुरे —

पत्र्यावरचा आवाज थांबला.

सेगो उडाला. कोठाराच्या छपरावर जाऊन बसला. तिथे खुळखुळतोय. नाही. तिथे काही नाही, पोती आहेत, धान्य आहे, मी इथे आहे —

धूर तिकडे वळला. पहिला घाव पडला, विटेवर. आतून ती बाबा म्हणाली. मी जातोय, पोरी, मी आलो, ती कुऱ्हाड आधी माझ्यावर पडू दे, माझ्या —