दिव्याखालचा टब

प्रिय दादा,

नमस्कार. खरं तर वाकून करायला हवा होता, पण टब उचलताना पाठीत काहीतरी सरकलं आहे, तेव्हा हा उभ्या उभ्या केलेला गोड मानून घ्या. तुमची तब्येत कशी आहे? वहिनींचा खोकला गेला का? आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे मी पाठ धरून आणि तुमची बहीण कंबर धरून, पण दोघंही हिंडतोफिरतो आहोत. वर्षभरात तुमचा फोन नाही, इकडूनही कुणी केला नाही. तो तुम्हा बहीणभावांचा प्रश्न, मी त्यात पडत नाही. (एकदा पडलो होतो. मग दोन दिवस माझं जेवण झाकून ठेवलेलं असायचं आणि वाढायला कुणी नसायचं.)

आता टबाविषयी. तुमच्या बहिणीची कंबर अलीकडे इतकी धरते की खाली पडलेला चमचा ती पायानं माझ्याकडे ढकलते. डॉक्टरांनी सांगितलं, रोज गरम पाण्यात बसवा. बादलीत माणूस मावत नाही म्हणून मी बंद पडलेल्या एका व्यायामशाळेतून गरम पाण्याचा टब आणला, चांगला चौघं बसतील एवढा, पाणी तापवणारा आणि घुसळणाराही. माझी कल्पना अशी की इस्त्रीसारखी पिन खोचायची आणि आत उतरायचं. वायरमन आला, टबाभोवती एक फेरी मारली आणि पायरीवर बसून त्यानं आधी पाणी मागितलं. मग म्हणाला, याला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन लागते, पाण्यात जरासा करंट उतरला की आपोआप पडणारा ब्रेकर लागतो, वायर पाइपातून जमिनीखालून न्यावी लागते, आणि विद्युत तपासनीस येऊन पाहून गेल्याशिवाय टब चालू करायचा नाही. मी मान डोलावली. (मान डोलवायला समजावं लागत नाही, हे तुम्हाला माझ्या लग्नापासून ठाऊक आहे.)

मागच्या दारी मी स्वतः चर खणला. वायरमननं पाइप घातला आणि तो गेल्यावर मी उत्साहाच्या भरात चर बुजवून, पायानं सारखा करून, वर फुलझाडं लावली. तपासनीस साहेब आले. शांत माणूस, काखेत नियमांचं पुस्तक. झाडं छान आहेत म्हणाले, आणि पाइप कुठे आहे असं विचारलं. मी म्हटलं, झाडांखाली. ते म्हणाले, तो मला दिसायला हवा. मी म्हटलं, पण तो जमिनीखाली असायला हवा ना? ते म्हणाले, हो, पण मी पाहिल्यानंतर. तेव्हा झाडं उपटली, चर पुन्हा खणला, आणि पाठीचं जे राहिलं होतं तेही गेलं.

यापुढचं मला अजून नीट कळलेलं नाही, तुम्हाला कळलं तर कळवा. टबाचं बंद करायचं बटण टबात बसलेल्या माणसाला दिसलं पाहिजे, पण त्याचा हात तिथे पोचता कामा नये. आमच्या लहानपणी खाऊचा डबा याच नियमानं ठेवलेला असे, आणि त्याचा त्रास मी भोगलेला आहे. शिवाय टबाच्या जवळपास जे जे लोखंडी, पितळी आहे ते सगळं एका तांब्याच्या तारेनं एकमेकांना जोडायचं, कठडा, नळ, खिडकीचे गज, सगळं. का, तर म्हणे एकाला शॉक आणि दुसऱ्याला नाही असं होऊ नये. मला ते न्यायाचं वाटलं, म्हणून मी कपडे वाळत घालायची घडीची दांडीही बांधून टाकली. वायरमननं ती सोडवली. मी पुन्हा बांधली. तुमच्या बहिणीनं साहेबांना आपल्या कानातल्यांचं काय करायचं ते विचारलं. त्यांनी पुस्तक चाळून, अगदी गंभीरपणे, कानातल्यांना सूट आहे असं सांगितलं.

इतकं सगळं होऊन साहेब सही करणार, तोच त्यांनी वर पाहिलं. वर तुमचा दिवा. गेल्या वर्षी तुम्ही मोठ्या हौसेनं बसवलात तोच, जो बटण दाबल्यावर लागला नाही, आणि ज्यावरून तुमची बहीण चार लोकांदेखत ‘यापेक्षा मेणबत्ती बरी’ म्हणाली, आणि तुम्ही अर्धा चहा तसाच टाकून निघून गेलात. साहेब म्हणाले, पाण्याच्या डोक्यावर इतका खाली दिवा चालायचा नाही, तो बाजूला घ्या. टब हलवता येत नाही, कारण त्याच्यापुरताच सिमेंटचा ओटा केलेला आहे. वायरमन शिडीवर चढला, दिव्याला हात लावला, काहीतरी पुटपुटला, आणि ज्या बाईला चमचा उचलता येत नाही ती तरातरा शिडीखाली येऊन म्हणाली, खाली उतरा, दिवा तिथेच राहील. वायरमन उतरला आणि गेला. तो फोन घेत नाही. साहेब म्हणाले, दिवा हलला की बोलवा. टब कोरडा पडला आहे, मी त्यात बटाटे ठेवले आहेत, आणि तुमची बहीण गरम पाण्याची पिशवी कंबरेला लावून खिडकीतून त्या दिव्याकडे पाहत बसते. वर्षभर जिनं तुमचं नाव काढलं नाही, ती तुमच्या दिव्याला कुणाला हात लावू देत नाही. मी विचारलं तर म्हणते, तुम्हाला नाही कळायचं. हे मात्र मला कळलं. मला खरंच कळत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा गोंधळलेला मेहुणा

ता. क. तुमची पक्कड आमच्याकडेच राहिली आहे. ती घ्यायला म्हणून या, आणि आलाच आहात तर तेवढा दिवा तुमच्या हातानं बाजूला घ्या. तुम्ही काढलात तर ती काही म्हणणार नाही असं वाटतं. तिला त्रास होतो तो मला बघवत नाही.

आणखी एक ता. क. ही गोष्ट तिला माहीत नाही. पत्र तिच्याकडे पाकिटात घालायला देतो आहे, पण ती दुसऱ्यांची पत्रं वाचत नाही.

दादा, वाचलं. यांच्या पत्रात माझी कंबर दुखते एवढंच खरं आहे. दिवा हलवायला माझी हरकत कधीच नव्हती. तो वायरमन शिडीवरून म्हणाला, हा कुणा अडाण्यानं बसवलाय. म्हणून त्याला खाली उतरवला. तुला ते बोलायचा हक्क माझा आहे, त्याचा नाही. दिवा लागतो, बटण दोनदा दाबावं लागतं, यांना अजून माहीत नाही. रविवारी ये. चहा पूर्ण पिऊन मग शिडीवर चढ.