गाठोड्यावरची कोरी चिठ्ठी

मी, वय वर्षं शहात्तर, धंदा कपडे धुणं आणि इस्त्री, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र माझ्या खुशीनं, कुणाच्या दडपणाखाली न येता आणि सकाळचे दोन कप चहा पिऊन करते आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिलाय. त्यांनी मला आज वार कोणता ते विचारलं. मी वार सांगितला, आणि त्यांच्या कोटाची डावी बाही उसवलीय तेही सांगितलं. लगेच सही केली त्यांनी.

माझी शाळा तिसरीपर्यंत. म्हणून शब्द माझे आणि शुद्धलेखन वकीलबाईंचं. या वकीलबाई चौदा वर्षांपूर्वी परदेशातून एका घरी कामाला आल्या, मालकिणीनं पासपोर्ट कपाटात कुलूपबंद केला, तेव्हा ओल्या पिशवीसकट माझ्या दुकानात येऊन उभ्या राहिल्या. वीस वर्षांची पोर होती, भिजलेल्या मांजरासारखी. आता चष्मा लावून मलाच दटावते, "आजी, मुद्द्यावर या."

येते बाई. पण माझा मुद्दा जरा लांबून येतो.

कलम पहिले. याआधी मी एक मृत्युपत्र केलं होतं, धाकट्या मुलाच्या सांगण्यावरून. त्यात सगळं त्याच्या नावे होतं. ते आजपासून रद्द. सगळ्यांची सरकारदरबारची नावं वकीलबाईंनी पुरवणीत जोडली आहेत. इथं मी ज्याला जे म्हणते तेच लिहीन.

कलम दुसरे. इस्त्रीचं टेबल, जड इस्त्री, वाफेची मोठी प्रेस आणि दुकानाची पाटी माझ्या नातीला. ती धाकट्याची मुलगी. काय सांगू तिचं! पँटची घडी अशी पाडते की कागद कापला जाईल. गिऱ्हाइकाशी गोड बोलते, आणि डाग निघणार नसेल तर तोंडावर सांगते. मी चाळीस वर्षांत जे शिकले ते हिनं तीन वर्षांत शिकून मलाच शिकवायला सुरुवात केली. "आजी, सरक, तू कॉलर चुरगाळतेस." सरकते मी. मनातून इतकी सुखावते की विचारू नका.

ती सतरा वर्षांची असताना शाळेचं दप्तर घेऊन भर पावसात आली. जन्मल्यावर सगळ्यांनी तिला नातू म्हटलं होतं, मीसुद्धा, पेढ्याचा आख्खा डबा वाटून. दारातच म्हणाली, "आजी, मी तुझी नात आहे. बाबांनी घराबाहेर काढलंय."

माझ्या तोंडून काय निघालं? "मग आत ये की. दारात उभी राहून पायपुसणं भिजवतेस."

ती हसली आणि मग अर्धा तास रडली. मी तिचे कपडे काढून घेतले आणि धुवायला टाकले. घरात येणाऱ्या प्रत्येकाचं आम्ही पहिलं हेच करतो.

कलम तिसरे, आणि हे मुख्य. वरच्या तीन खोल्या आणि त्यातल्या सहा खाटा कुणालाही विकायच्या नाहीत. विश्वस्त म्हणून नात आणि वकीलबाई. बँकेत जे आहे ते छपरासाठी आणि गरम पाण्याच्या बंबासाठी. या खोल्यांत शहरात नव्यानं आलेल्या, परक्या देशातून आलेल्या, पाठीशी कुणी नसलेल्या तरुण मुलींनी राहावं. आणि तू मुलगा की मुलगी या प्रश्नाला ज्यांचं उत्तर घरच्यांना पटलं नाही, त्यांनीही राहावं. ज्यांना उत्तरच द्यायचं नाही त्यांनीही.

नियम थोडे आहेत. पहिला आठवडा नाव विचारायचं नाही. कपडे धुऊन द्यायचे. कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं खूण घालायची, म्हणजे गिऱ्हाइकांच्या कपड्यांत मिसळत नाहीत. मीही बाहेरून आलेली, मला या शहराची लिपी कधी धड आली नाही. पावत्या नवरा लिहायचा. तो गेल्यावर मी खुणांवर आले. वकीलबाईंची खूण तीन ठिपके. त्यानंतर आली ती शिडी. एकीला मासा हवा होता, तिच्या गावी समुद्र होता म्हणून. एका पोरानं सहा महिन्यांत दोनदा नाव बदललं आणि घाबरत विचारलं, "आजी, खूणही बदलावी लागेल का?" मी म्हटलं, "अजिबात नाही. मला उसवायचा कंटाळा आहे."

या सगळ्या खुणा एका लांब फितीवर टाचलेल्या आहेत. फीत जिन्यात लावली आहे. वाढली तर वळवून लावा, कापू नका.

कलम चौथे. शेजारच्या चष्मेवालीला मागच्या अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी. तीस वर्षं आम्ही ती कुणाची यावरून भांडलो. "वर कसली माणसं ठेवलीत" म्हणून तिनं तीनदा तक्रार केली. एकदा पोलीस आले, त्यांच्या वर्दीला इस्त्री करून पाठवलं. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात कुणाला टोमणे मारू नयेत. का? मी मेल्यावर ती माझं काय करणार आहे? दोरी तिची. आता भांडायला समोर कुणी नाही, एवढी शिक्षा तिला पुरे. खरं सांगायचं तर मलाही तिची सवय झाली होती.

कलम पाचवे. धाकट्या मुलाला त्याच्या वडिलांचं घड्याळ, लाकडी पेटी आणि पुढच्या दाराची एक किल्ली.

तू चिडशील. मागच्या महिन्यात वर येऊन म्हणालास, "आई, ही धर्मशाळा आहे का? उद्या तुला काही झालं तर या लोकांना मी बाहेर काढणार, आत्ताच सांगतो." सांगितलंस ते बरं केलंस, म्हणून हा कागद झाला. नात तेव्हा प्रेसपाशी उभी होती. तू तिच्याकडे बघितलंही नाहीस. तुझे शर्ट तू परक्या लाँड्रीत देतोस हेही मला ठाऊक आहे, कॉलरवर त्यांचा स्टार्च ओळखता येतो.

पण मी तुला एकट्याला दोष देत नाही. माणसाला दाराबाहेर कसं काढायचं ते तू माझ्याकडूनच शिकलास. तेव्हा तू बारा वर्षांचा होतास आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून सगळं बघत होतास. मी तुला आत जा म्हटलं नाही. बघू दिलं. ते आता पुढच्या कलमात लिहिते. आजवर वकीलबाईंनाही पूर्ण सांगितलेलं नाही.

कलम सहावे. खिडकीची खोली, तिच्या हयातीपर्यंत, माझ्या थोरल्या लेकराला.

एकतीस वर्षं झाली. थोरलं एकोणीस वर्षांचं होतं. तेव्हा आम्ही सगळे त्याला मुलगा म्हणत होतो, आणि कामाला इतका हुशार मुलगा या गल्लीत नाही असं मी मिरवतही होते. दुपारी गिऱ्हाईक नसतं. मी बाजारातून लवकर परत आले. प्रेसच्या मागे आरसा आहे, तिथं थोरली उभी होती. अंगात हिरवा झगा. एका बाईनं धुवायला टाकला आणि परत न्यायलाच आली नाही. आमचा नियम असा की वर्षभर वाट बघायची, मग कपडा ज्याला हवा त्याला द्यायचा. त्या झग्याला दीड वर्ष झालं होतं. नियमानं तो कुणाचाच नव्हता. तिला देता आला असता.

ती घाबरली नाही. वळून म्हणाली, "आई, बरं झालं आलीस. तुला सांगायचंच होतं. मी तुझी मुलगी आहे. आणि माझं नाव..."

नाव सांगितलं तिनं. माझ्यासमोर उभं राहून, नीट, स्पष्ट. प्रेसची वाफ मोठ्यानं फुसफुसत होती, पण दोष वाफेवर ढकलण्यात अर्थ नाही. मला ऐकायचं नव्हतं. मी प्रेसची वाफ आणखी सोडली, नाव त्या आवाजात बुडालं, आणि मी ओरडत राहिले, असलं काही माझ्या घरात चालणार नाही म्हणून. तिला झगा उतरवायला लावला. टेबलावर पसरला आणि त्यावर तापलेली इस्त्री ठेवून दिली. धूर येईपर्यंत हात काढला नाही.

ती अंगातल्या सदऱ्यानिशी निघून गेली. त्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये तिची खूण आहे, दोन उभ्या रेघा आणि खाली गाठ. फितीवर पहिली खूण तीच आहे. पोरं विचारतात, ही कुणाची? मी म्हणते, जुन्या गिऱ्हाइकाची.

मी तिला शोधलं. वसतिगृहं, दवाखाने, स्टेशनजवळच्या खानावळी. सगळीकडे जुनं नाव सांगायचे आणि लोक मान हलवायचे. एका निवाऱ्यातली बाई शेवटी म्हणाली, "मावशी, या नावाचं कुणी इथं येणारच नाही. ती आता कुठल्या नावानं राहते ते सांगा." मला सांगता येईना. रस्त्यावर येऊन फुटपाथवर बसले. माझ्या पोटच्या मुलीचं नाव शहरातल्या कुणालाही माहीत असेल, पानवाल्याला, बसच्या कंडक्टरला, फक्त मला नाही.

त्यानंतर वर्षभरानं पहिली मुलगी दुकानात आली, काम आहे का विचारत. मी आधी तिला आत घेतलं आणि मग काम शोधलं. लोक म्हणतात, आजीनं केवढं पुण्य केलं. पुण्य कसलं? नात दारात उभी राहिली तेव्हा जे दोन शब्द मी पटकन बोलले, ते मला एका झटक्यात सुचले नव्हते. अठ्ठावीस वर्षं ते रोज घोकत होते. ज्या लेकरासाठी घोकले ते दारात आलंच नाही.

वकीलबाई इथं अडल्या. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "आजी, नावाशिवाय खोली कशी देणार? निदान जुनं नाव तरी घाला."

"त्या नावानं तिला हाकललं. आता त्याच नावानं बोलावू?"

"कोर्टात कुणीही येऊन म्हणेल, मीच ती."

"म्हणू दे. जळका झगा मागायला जो येईल, त्याला राहायला जागा नसणारच."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग चष्मा पुसला, आणि कागदावर खूण काढायला मला पेन दिलं. दोन उभ्या रेघा आणि खाली गाठ. शेजारी त्यांनी तिची जन्मतारीख घातली, आणि ही माझ्या पोटची मुलगी आहे असं लिहिलं. एवढ्यावर भांडता येईल म्हणाल्या. भांडतील. तीन ठिपक्यांची पोर आहे ती, मी ओळखते.

कलम सातवे आणि शेवटचे. माझ्या कपाटात वरच्या फळीवर एक गाठोडं आहे. त्यात थोरलीचे दोन सदरे, एक पँट, लोकरी स्वेटर, आणि तो हिरवा झगा. जळलेल्या जागी मी ठिगळ लावलंय. तसं हिरवं कापड कुठं मिळालं नाही, त्यामुळे ठिगळ दिसतं. दिसू दे. दरवर्षी ते कपडे मी धुते, इस्त्री करते आणि पुन्हा बांधते. आता हे नातीनं करावं. झग्याला इस्त्री मंद ठेव गं.

वर्षाचा नियम या गाठोड्याला नाही.

तिचे केस आता पिकायला लागले असतील. मी असेपर्यंत आली नाही तर माझ्यामागे येईल. मला रागानं भेटायला आली तरी चालेल. मी नाही म्हणून दारातून परत पाठवू नका. धाकट्या, तुझ्याकडे किल्ली दिलीय ती यासाठी. दुकान बंद असताना ती आली तर तू दार उघड. तिला ओळखणारा माझ्यामागे तू एकटाच उरतोस. त्या पायरीवर तू रडत होतास, ते मला दिसलं होतं. आणि कधी आलास तर प्रेसपाशी तुझी लेक उभी असेल. तिला तिच्या नावानं हाक मार. फार सोपं नाव आहे.

गाठोड्याला चिठ्ठी बांधलेली आहे. प्रत्येक गाठोड्याला असते, तिच्यावर गिऱ्हाइकाचं नाव असतं. ही कोरी आहे. थोरली आली की तिला आधी बसायला खुर्ची द्या, मग पेन द्या. ती नाव सांगायला लागली की सगळ्यांनी हातातलं काम खाली ठेवा. प्रेस चालू असेल तर बंद करा, आणि ऐका.

वरचं सगळं मला वाचून दाखवलं, मला कळलं, आणि दोन साक्षीदारांच्या देखत मी सही केली. सही जरा तिरकी आली आहे, पण माझीच आहे.

सही करणार: दुकानवाली आजी

साक्षीदार पहिला: समोरचा बेकरीवाला. मृत्युपत्रात याला काही ठेवलेलं नाही, म्हणूनच साक्षीला चालतो. तो जरासा रुसला आहे.

साक्षीदार दुसरी: कोपऱ्यावरच्या निवृत्त नर्सबाई.

ठिकाण: दुकानाचा वरचा मजला, खिडकीची खोली.

दिनांक: नोंदणीच्या शिक्क्यावर आहे तोच. शनिवार, दुपारची जेवणं झाल्यावर. खाली प्रेस बंद ठेवली होती.