जावयाचं वाण

नाशिक रोड
रविवार, ३० जुलै २०२३

प्रिय बहिरूदादा,

लांबूनच पाया पडते. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. पण फोनवर तू दमलेला असतोस आणि मागून सिंधुवहिनी काय बोलतात तेही ऐकू येतं. कागदावर आपण दोघंच.

डायलिसिसची सुई आता नीट लागते ना? मागच्या वेळी हात निळा पडला होता, दिशा सांगत होती. पाणी बेतानं पी. ओझरकडे अजून पाऊस नाही म्हणे. टोमॅटोला कधी नव्हे तो भाव आलाय आणि नेमकं याच वर्षी तुला मळ्यात उभं राहवत नाही, याचं वाईट वाटतं.

धोंड्याच्या महिन्याचं वाण तुझ्या लेकीनं मंगळवारी आणून दिलं. तेहतीस अनारसे, वर चांदीचा छोटा दिवा. दर धोंड्याला तुम्ही ह्यांना मळ्यावर बोलावता, पाटावर बसवून वाण देता. यंदा डबा पाठवलात. बरंच केलंत. तुझ्या आजारपणात जावयाची उठबस कोण करणार? ह्यांना अनारसे फार आवडले.

माझ्या तपासण्या कुठवर आल्या, असं तू विचारलंस. रक्त जुळलंय, ते तुला माहीतच आहे. बाकीचंही होईल. मध्ये डॉक्टर बाहेरगावी होत्या, मग ह्यांच्या पाळ्या बदलल्या. ह्यांचं जमलं की जाऊ. किडनी मीच देणार, त्यात बदल नाही. आईला सांग, घरची आहे, कुठे पळून जात नाही.

आमच्याकडे सगळं ठीक. मी हल्ली संध्याकाळी मुक्तिधामच्या बाजूला चालायला जाते. सहजच.

तुझी,
शुभी


नाशिक रोड
रविवार, ३ सप्टेंबर २०२३

प्रिय दादा,

राखी टोचत असेल तर काढून ठेव. मी रागावणार नाही.

त्या दिवशी मी नारळीभात खाल्ला नाही म्हणून आई रुसली. उपास नव्हता मला. वहिनींनी वाढायला वाकून म्हटलं, "खा वन्सं, खा. तुम्हांला काय कमी हाय? पाव्हण्यांनी लय जपून ठेवलंय तुम्हांला." दिशा हसली. तू मान खाली घातलीस. नंतर ओट्यावर बसलो तेव्हा तू मला म्हणालास, "पाव्हण्यांचं मन नसंल तर राहू दे, शुभे. तुझा संसार मोडून मला किडनी नको."

मी म्हटलं, "बघते मी त्यांच्याशी बोलून."

मी काय बोलणार होते त्यांच्याशी, हे बसमध्ये बसल्यावर माझं मलाच कळेना. द्वारका चौक येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होते. शेजारची बाई विचारत होती, "ताई, बरं वाटत नाही का?"

आज एक गोष्ट सांगते. वाणाचे अनारसे ह्यांनी खाल्ले नाहीत. वाण आलं होतं, हेच ह्यांना माहीत नाही.

दिशा डबा देऊन गेली. माणसाला न बोलावता त्याचं वाण पाठवून दिलं, हे ह्यांना दिसू नये म्हणून मी तो डबा लपवायला निघाले होते. त्याआधी एक खाऊन बघितला. आईच्या हातचा, खसखस छान भाजलेली. दुसरा खाल्ला. मग वाटलं, डबा रिकामाच झाला तर लपवायलाच नको. ओट्याशी उभी राहून खात होते दादा, पाणीसुद्धा न पिता. उरलेले दुसऱ्या दिवशी. ह्यांनी विचारलं, "जेवत का नाहीस?" मी म्हटलं, "पित्त झालंय." त्यांनी कोकम सरबत करून दिलं. दिवा माझ्या कपाटात साड्यांखाली आहे.

गंमत म्हणून लिहिलं. तू हसशील. लहानपणी मला गब्बू म्हणायचास आणि स्वतःच्या वाटणीचे गूळ-शेंगदाणेही मलाच द्यायचास.

अनारसे आले त्याच आठवड्यात माझी दवाखान्याची तारीख होती. मी गेले नाही.

आज एवढंच लिहवतं.

तुझी,
शुभी


नाशिक रोड
रविवार, ५ नोव्हेंबर २०२३

दादा,

हे पत्र मोठ्यानं वाच. वहिनींना आणि आईला समोर बसव. फाडून टाकावंसं वाटलं तर वाचून झाल्यावर फाड.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वहिनी बिटको चौकात झेंडू विकायला बसल्या होत्या. मला ठाऊक नव्हतं, तिथं फुलं घेणाऱ्या शेजारणीनं नंतर सांगितलं. हे पाळीवरून येताना त्यांच्यापाशी थांबले. आपल्या माणसाकडून फुलं घ्यावीत, एवढंच त्यांच्या मनात. वहिनी भर गिऱ्हाइकात म्हणाल्या, "घ्या पाव्हणं, घ्या. आम्ही देतो फुलं. आम्हांला मात्र कोनी काय देत नाय. बायकोचं नख बी जपा."

हे फुलं घेऊन घरी आले. तोरण करायला बसले. दोन-चार फुलं ओवून झाल्यावर मला विचारलं, "मी सही केली होती ना गं?"

मी म्हटलं, "हो."

"मग ठीक. मला वाटलं, विसरलो की काय."

एवढंच. पुन्हा विषय काढला नाही. रात्रीची ताटं नेहमीसारखी त्यांनीच वाढली.

त्यांनी फेब्रुवारीतच संमतीच्या कागदावर सही केली आहे दादा. पहिल्याच दिवशी. डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुमची हरकत नाही ना?" तर म्हणाले, "तिचा भाऊ आहे. हरकत घेणारा मी कोण?" रक्त जुळलं, बाकीचं जुळलं, साखर नाही. मग डॉक्टरबाईंनी मला वजनकाट्यावर उभं केलं. आकडा बघून माझ्याकडे बघितलं नाही, कागदाकडेच बघत राहिल्या. म्हणाल्या, "एवढ्या वजनावर मी तुमची किडनी काढणार नाही. ऑपरेशनला धोका, आणि पुढे राहिलेल्या एकीवर भार. पंचाहत्तरच्या खाली या."

म्हणजे नवरा आड आला नाही, सासरचे आले नाहीत. आड आलं ते माझं खाणं.

हे तुला सांगायचं होतं आणि जीभ वळत नव्हती. तू दिवसाला दोन पेले पाण्यावर जगतोस आणि तुझी बहीण जाड आहे म्हणून तुला किडनी मिळत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगू? तेवढ्यात मार्चमध्ये आई फोनवर म्हणाली, "जावई नाय म्हनत असतील, माझ्या ध्यानात आलंय." मी गप्प राहिले. बाईचा नवरा नाही म्हणतो, हे सगळ्यांना लगेच पटतं. कुणी पुढे विचारत नाही, उलट बाईची कीव करतात. तुम्ही सगळे माझी कीव करत होतात आणि मी ती करून घेतली.

तुम्हांला कळायच्या आत वजन उतरवून मोकळं व्हायचं, असा माझा बेत होता. काकडी आणि लिंबूपाण्यावर राहिले. झरझर उतरलंही. एप्रिलमध्ये भाजी घेताना चक्कर येऊन पडले. तुला सांगितलं, मोरीत घसरले. त्यानंतर जी भूक लागली ती भूक नव्हतीच, कुणीतरी आत बसून ओरबाडत होतं. उतरलेलं सगळं परत आलं, वर थोडं जास्त. त्यात वाणाचे अनारसे.

ऑगस्टअखेर हेच मला धरून दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरबाई रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "ताई, मला ऑपरेशनच्या दिवसापुरतं वजन नको. एका किडनीवर तुम्हांला म्हातारपण काढायचंय. जे वजन तुम्ही जन्मभर सांभाळू शकाल, ते घेऊन या. उशीर झाला तरी चालेल."

उशीर तुला चालेल का, हे मी विचारलं नाही. धीर झाला नाही.

त्यांच्याकडच्या आहाराच्या पोरीनं सगळं विचारून घेतलं. मी म्हटलं, मी फार खात नाही, फक्त उरलेलं टाकवत नाही. ह्यांच्या डब्यातली अर्धी पोळी, पातेल्यातला भात, तळाची भाजी. ती म्हणाली, "काकू, उरलेलं फ्रिजमध्ये ठेवायचं, स्वतःत नाही." हे इतके हसले की मलाही हसू आलं. तेव्हापासून ताटं हे वाढतात आणि पातेली हेच काढून ठेवतात. मला ओट्याशी उभं राहून खायला बंदी. बाजरीची भाकरी, वरण, भाजी, काकडी, सगळं आहे. उपाशी नाही मी. संध्याकाळी आम्ही दोघं चालतो. सकाळी खुर्चीवरून हात न टेकता उठते-बसते, गुडघे कुरकुरतात. रविवारी मिसळ खातो, एकीत दोघं. हळूहळू उतरतंय. कधी एखादा आठवडा काटा हलतच नाही, तेव्हा रडू येतं. पण गेलेलं परत आलेलं नाही. या वयात तेवढंच पुष्कळ, असं ती पोर म्हणते.

आता मुख्य गोष्ट. घरची किडनी आहे तर परक्याची कशाला, असं आई म्हणाली म्हणून तू दवाखान्याच्या प्रतीक्षायादीत नाव घातलं नाहीस. माझ्या भरवशावर बसलास. माझ्या गप्प बसण्यात तुझे नऊ महिने गेले, आणि त्या वेळात यादीत तुझ्यापुढे माणसं लागली. याची भरपाई मला करता येत नाही. उद्याच दवाखान्यात जाऊन नाव घाल. माझी वाट बघू नकोस. मी चालते आहेच. आधी यादीतलं नाव लागलं तर मी देवापुढे पेढे ठेवीन, आणि मी आधी पोचले तर ऑपरेशनला माझ्या शेजारी झोप.

वाणाचा दिवा काल मी कपाटातून काढला आणि ह्यांच्यासमोर ठेवला. सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्हांला न बोलावता वाण आलं, ते मी खाल्लं, आणि माहेरी तुमच्यावर जो राग आहे तो माझ्यामुळे. त्यांनी दिवा हातात घेऊन उलटसुलट बघितला. म्हणाले, "तेहतीसच्या तेहतीस?" मी मान हलवली. "एक तरी ठेवायचास गं माझ्यासाठी."

नंतर बराच वेळ ते गॅलरीत उभे होते. त्यांना लागलंय, दादा. ते बोलून दाखवणार नाहीत.

भाऊबीजेला मी एकटी येणार नाही. दोन ताटं वाढायला सांग. पाट ह्यांच्यासाठी मांड, आणि पहिला शब्द तू बोल. वहिनींना म्हणावं, चौकात जे बोललात त्याबद्दल त्यांची माफी मागू नका, ती माझ्या वाट्याची आहे. आईला अनारसे करायला सांग. ह्यांना हवे तितके वाढा. मला एकच, आणि तो मी सगळ्यांसमोर, बसून खाईन.

आकडा तू विचारला नव्हतास. मी कुणालाच सांगितला नव्हता. आज सही करताना लिहिते.

तुझी,
शुभी
वजन ब्याऐंशी किलो