ओगुतूच्या रेडिओचा पाठभेद

६ मे
ओगुतू सापडला. म्बिता गावाच्या खालच्या अंगाला, तळ्याच्या लव्हाळ्यात. रेडिओ गळ्यातच!

त्याच्या नावेवरचा वेरे तेवढा वाचला, रिकाम्या डब्याला धरून. सांगत होता – "नाव उलटेपर्यंत आणीबाणीचं लाल बटण दाबत होता. आई ऐकतेय, आई ऐकतेय, म्हणायचा."

आई – अदोयोबाई – त्या वेळी काठावरच्या रेडिओपाशीच बसल्या होत्या. एक शब्द आला नाही.

७ मे
गावातले सगळे रेडिओ ओगुतूच्या थोरल्या भावाने, ओबुराने लावलेले. अदोयोबाई चारचौघांत त्याला म्हणाल्या, "तुझ्या खोक्याने माझं पोर गिळलं. त्याच्या मातीला हात लावायचा नाहीस!" हाही त्यांचं पोरच.

पुण्याच्या साप्ताहिकाला वार्तापत्र पाठवायचं होतं. नाही लिहिलं.

९ मे
ओबुराने दोन्ही रेडिओंच्या पोटातल्या सेटिंगच्या फाइली लॅपटॉपवर ओढून घेतल्या – नावेवरची आणि काठावरची. माणसाला वाचता येत नाहीत त्या. काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा द्यायची. ती दोन्ही ताडून फरक तेवढा दाखवते. फरक नसला तर चकार शब्द काढत नाही.

"म्हणजे पाठभेद!" मी म्हटलं. वाईला आमचे शास्त्रीबुवा दोन पोथ्या पुढ्यात घेऊन हेच करत. त्यात डोळे गेले त्यांचे.

"म्वालिमू, पण त्यांना वीज तरी लागत नव्हती," ओबुरा म्हणाला. (शाळेत शिकवलं त्याला, म्हणून मी अजून म्वालिमू – मास्तर.) आणि वीज गेलीच! दोघेही हसलो. मग हसल्याची लाज वाटली.

१० मे
दोनच जागी फरक. एक, रेडिओचा स्वतःचा नंबर – तो वेगळा असायचाच. दुसरा, आणीबाणीचा चॅनल ऐकायचा की नाही. नावेवर एक, म्हणजे ऐकायचा. काठावर शून्य.

काठावरचा रेडिओ बहिरा होता.

"मीच विसरलो असणार." दिवसभर हेच. ताटातल्या मक्याच्या उगालीला हात लावला नाही.

दोन पोथ्यांवर निकाल देऊ नये, तिसरी शोधावी – शास्त्रीबुवांची शिस्त. काठावरचा रेडिओ पहिल्यांदा लावला तेव्हाची प्रत कुठेतरी असेलच की!

११ मे
मिळाली. मूळ प्रतीत एक आहे! ओबुरा चुकलाच नव्हता. नंतर कुणीतरी बदललं.

मी त्याला ओढतच आईकडे नेलं. फार शहाणा मी.

"रेडिओला कुणी हात लावला होता का हो, अदोयोबाई?"

"तो शहरातला दुरुस्तीवाला आला होता ना! त्या लाल बटणाच्या चॅनलवर दिवसभर ओमेना मासळीचा भाव नि एकमेकांच्या आयाबहिणी! कान किटले. बंद करून घेतलं मी. रोजच्या चॅनलवर माझ्या ओगुतूचा आवाज नीट यावा म्हणून."

माझं तोंड उघडलंच होतं. ओबुराने दंड असा आवळला की शब्द आतच राहिला.

"बरं, आई," एवढंच म्हणाला तो.

१३ मे
ओगुतूला पुरलं. ओबुरा सगळ्यांपुढे उभा राहिला. "चॅनल माझ्या हातून बंद राहिला, आई. चूक माझी."

अदोयोबाईंनी फाडकन त्याच्या तोंडात मारली. मग त्याच्याच छातीवर कोसळल्या.

भावावर मूठभर माती त्याने टाकली नाही. लांब उभा राहिला.

१४ मे
सकाळी ओबुराने मूळ फाइल काठावरच्या रेडिओत पुन्हा भरली. मला शेजारी बसवून तीच ताडायची आज्ञा दिली. पडदा कोरा.

"आणि ती शून्यवाली प्रत?" मी विचारलं.

"कुठली, म्वालिमू?"