पडद्यामागचा क्रमांक तीन

४ फेब्रुवारी, मंगळवार

तालीम दहाची. ट्रम्पेटवाला दहा वाजून दोन मिनिटांनी उगवला. वर म्हणे, "मास्तरीणबाई, तुमचं घड्याळ पुढे आहे." माझे घड्याळ पुढे नसते! नोंद केली. वाद्यवृंदाची व्यवस्थापक म्हणून एकाहत्तर वादकांना वेळेवर, ठरल्या खुर्चीवर, ठरल्या कपड्यांत बसवणे ही कला नव्हे, हे मला मान्य आहे. पण ते बसले नाहीत तर पुढची कलाही घडत नाही, एवढे या मंडळींना वीस वर्षांत उमजू नये!

मध्यंतरात कंडक्टर जवळ आले. दुसऱ्या व्हायोलिनांच्या गटात, तिसऱ्या रांगेत एक गज तारेला टेकतच नाही, असा त्यांना संशय आहे. "तुम्ही पाहा जरा. तुमच्या कानांतून काही सुटत नाही."

तिसऱ्या रांगेत माझा भाऊ बसतो.

५ फेब्रुवारी

वरच्या सज्जात शेवटच्या ओळीत बसून दुर्बिणीतून पाहिले. खरे आहे. लांब, संथ सूर आला की दादाचा गज तारेच्या केसभर वर तरंगतो. दिशा अचूक, वेग अचूक — आवाज शून्य! स्वरलिपीच्या स्टँडशी त्याच्या शेजारी जी बाई बसते ती दोघांचे एकटी वाजवते. सतरा वर्षे दोघे एकाच स्टँडवरून वाचतात. सारा वाद्यवृंद तिला 'शेजारीण' म्हणतो.

मला सातव्या वर्षी गज धरायला याच माणसाने शिकवले.

६ फेब्रुवारी

तालमीनंतर दादाला खोलीत बोलावले. दार लावून घेतले. तो बसला नाही. उजवा हात खिशात.

"हात दाखव."

"हात दाखवून अवलक्षण कशाला, छोटे?"

पण दाखवला. टेबलावर ठेवला, तशी शेजारची टाचण्यांची डबी वाजू लागली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. डॉक्टर म्हणतात, आहे हे असं आहे. जलद वाजवताना कळत नाही. लांब सुराला पंचाईत होते, मग उचलतो."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

तो हसला. "तू सोडून सगळ्यांना. तुझ्या कानावर जाऊ नये म्हणून मागची पोरं जरा जोर लावतात."

दोन वर्षे! गेल्या वार्षिक अहवालात मीच लिहिले आहे — 'दुसरी व्हायोलिने : नादाची एकसंधता उल्लेखनीय.' कंडक्टर नवे, आठ महिन्यांपूर्वी आलेले. त्यांना ऐकू आले. मला नाही.

८ फेब्रुवारी

फेरचाचणीचा अर्ज सहीनिशी दिला. नियम माझाच, अकरा वर्षांपूर्वी लिहिलेला. ज्याच्या वादनाविषयी लेखी तक्रार येईल, त्याने बाहेरच्या चार उमेदवारांबरोबर पडद्यामागून वाजवायचे. समोर आपल्यातलेच पाच परीक्षक. नावे बंद पाकिटांत. पुकारायचे ते फक्त क्रमांक. पावलांवरून बाई की पुरुष तेही कळू नये म्हणून खाली जाड गालिचा. जो सरस ठरेल, खुर्ची त्याची. पडद्याच्या आत वाजवणारे आणि क्रमांक पुकारणारी मी. तिसऱ्या कोणाला प्रवेश नाही.

तक्रारदार म्हणून माझेच नाव घातले. भावाला पाठीशी घातले, असे कोणी म्हणायला नको.

संध्याकाळी वहिनीचा फोन. "वन्सं, सव्वा वर्ष राहिलंय त्यांच्या निवृत्तीला. तेवढा काणाडोळा होत नव्हता तुमच्याच्यानं?"

मी म्हटले, नियम सर्वांना सारखा.

"खरंय. नियम एवढे, आणि भाऊ एकच. कुणाकुणाला सांभाळाल!"

फोन आपटला.

११ फेब्रुवारी

वहिनीला संगीतातले ओ की ठो कळत नाही. तरी तिचे वाक्य तीन दिवस डोक्यातून जात नाही.

१४ फेब्रुवारी

जिन्यात शेजारीण आडवी आली. नमस्कार-चमत्कार नाही, काही नाही. "मॅडम, तुम्ही वाजवणं का सोडलंत?"

खरे तेच सांगितले. तिशीला कळून चुकले की पहिल्या खुर्चीची योग्यता आपल्यात नाही. मागच्या रांगेत बसण्यापेक्षा मुळीच न बसणे बरे.

"मी तिसऱ्या रांगेत बसते," ती म्हणाली. "बरं ऐकू येतं तिथून."

उद्धट बाई!

१७ फेब्रुवारी

पाकिटे बंद केली. चिठ्ठ्या टाकून क्रमांक ठरवले. दादा तीन.

२० फेब्रुवारी

हे नीट, क्रमवार लिहिलेच पाहिजे.

एक आणि दोन वाजवून गेले. बरे होते, बरेच म्हणायचे. मग गालिच्यावरून दादा आला, आणि त्याच्यामागे शेजारीण. बूट काढून हातात धरलेले, पायांत नुसते मोजे, खांद्याला स्वतःचे व्हायोलिन. दादा भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसला आणि खाली पाहत राहिला. ती खुर्चीवर बसली, गज सज्ज केला आणि माझ्याकडे पाहिले.

आत बोलायला मनाई आहे. तीही मीच केलेली. एक शब्द ऐकू गेला तरी क्रमांक बाद. मला तर शब्दाचीही गरज नव्हती. नुसती खाकरले असते तरी पुरे होते.

मी पुकारले, "क्रमांक तीन."

कुंपणानेच शेत खाल्ले. वीस वर्षांत पहिल्यांदा.

तिने चाचणीला नेमलेले संथ पान वाजवले. शेवटचा लांब सूर एका गजात, टोकापासून टोकापर्यंत, कुठे सुरकुतीसुद्धा नाही. बाकावर दादाची डावी बोटे मांडीवर तेच पान वाजवत होती. उजवा हात त्याने मांडीखाली दाबून धरला होता.

चौथा ठीक. पाचवा म्हणजे भीतीने पांढरा पडलेला एक परका माणूस. त्याचा गज तारेवर थरथरत होता. लांब सुराचे त्याने तीन तुकडे केले. मी मनातल्या मनात त्याला शून्य दिले आणि निश्चिंत झाले.

२१ फेब्रुवारी

निकाल लागला. क्रमांक पाच. पाच विरुद्ध शून्य!

पाचवे पाकीट माझ्यासमोर उघडले. परीक्षकांतला सेलोवाला नाव वाचायला गेला आणि थांबला. "हा कोण?" घाईघाईने त्याने तिसरे पाकीट फोडले. दादाचे नाव. पाचही जणांच्या तोंडचे पाणी पळाले.

"आम्हाला वाटलं, थरथरतोय तो..." फ्लूटवाल्याने वाक्य अर्ध्यावर सोडले.

मग मला कळले. पाचही जण दादाला वाचवायचे ठरवूनच बसले होते. थरथर ऐकू आली की तोच दादा, त्यालाच मत. त्या थरथरीसाठी कान टवकारून बसले, ती सापडली, आणि तिला एकमताने खुर्ची बहाल केली. आणि मी? मी त्याला वाचवण्यासाठी नेमकी तीच थरथर काढून घेतली होती!

तो स्वतः वाजवता, तर दोन थरथरणारे गज झाले असते. निदान एखादे मत तरी...

हा हिशेब करणे व्यर्थ आहे. सकाळपासून तोच करते आहे. सगळे खरे सांगून निकाल रद्द करायचा, तर त्यांनी आपली लबाडी कबूल करायची, मी माझी, आणि शेजारणीने तिची. मी निकालपत्रावर सही केली.

२४ फेब्रुवारी

दादाने कपाट रिकामे केले. जुन्या तारा, गजाला घासायच्या राळेचे तुकडे, वहिनीने विणलेला मफलर. व्हायोलिनच्या पेटीची कडी त्याच्याच्याने लागेना, म्हणून मी लावली. त्याने लावू दिली.

"छोटे, तुम्ही सगळ्यांनी मिळून मला इतकं वाचवलंत की मी बुडालोच."

हसला. मला हसता आले नाही. मी तक्रारीचे काढले, तसे हातानेच थांबवले त्याने. "असू दे. आपलेच दात, आपलेच ओठ." मग पेटी डाव्या हातात घेऊन जिना उतरला, वळून न बघता.

२५ फेब्रुवारी

परीक्षकांपैकी कोणाला तरी तोंड आवरले नाही. अध्यक्षांपर्यंत गेले — क्रमांक तीनचा गज थरथरलाच नाही, तेव्हा वाजवणारा दादा नव्हेच. मग कोण? संशय सरळ शेजारणीवर. तिने दोन दिवसांत लेखी खुलासा द्यायचा आहे. सिद्ध झाले तर बडतर्फी. दोन मुली शाळेत, घर तिच्या एकटीच्या जिवावर.

दुपारी खोलीत आली. या वेळी दार तिने लावले.

"मॅडम, मी मान्य करणार आहे. तुमचं नाव येणार नाही. तुमचं लक्ष नव्हतं, असं सांगेन."

माझे लक्ष नव्हते! माझे!

मी तिला म्हटले, एक ओळही लिहायची नाही. कुणी विचारले तर त्या दिवशी घरी होते म्हणायचे. ती ऐकेना. शेवटी मी मास्तरणीच्या आवाजात सांगितले, तेव्हा गेली.

२६ फेब्रुवारी

अध्यक्षांच्या हातात लेखी कबुली दिली : क्रमांक तीन मी वाजवला. आयुष्यातले पहिले खोटे, तेही सहीनिशी. राजीनामा सोबत जोडला.

त्यांनी दोनदा वाचले आणि परीक्षकांना बोलावून घेतले. मला वाटले होते, कोणीतरी हसेल, हे शक्यच नाही म्हणेल. पाचही जणांना तत्काळ पटले.

"तरीच," सेलोवाला म्हणाला. "सूर अगदी स्वच्छ होता. जीव नव्हता त्यात."